राणी नसलेलं पोळं

कोपरीतल्या एका जुन्या सोसायटीत, जिन्याखालच्या मोडक्या कपाटात सातेरी माश्यांनी पोळं केलं होतं. आग्या माशी उघड्यावर बसते, सातेरीला मात्र अंधारी आडोशाची जागा लागते. काम माझं नेहमीचंच: पोळं पेटीत हलवायचं. थोडा धूर द्यायचा, मेणाच्या पोळ्या कापून पेटीच्या चौकटींना दोऱ्यानं बांधायच्या. राणी पेटीत शिरली की बाकीच्या आपोआप मागे येतात.

कपाट उघडलं तर खाली मेलेल्या माश्यांचा थर. "मागच्या आठवड्यात कुणीतरी स्प्रे मारला," सेक्रेटरी काका म्हणाले. मी एक पोळी उजेडाकडे धरली. अळ्या होत्या, बंद घरं होती, अंडं मात्र एकही नाही. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे राणी जाऊन निदान तेवढे दिवस झाले होते.

बघायला आलेल्या आजी हळहळल्या, "राणीच गेली, मग आता संपलंच की गं हे!"

संपलं नव्हतं. पोळीच्या मधोमध, भुईमुगाच्या शेंगेएवढी दोन राणीघरं खाली तोंड करून लोंबत होती. राणीचा वास थांबला की काही तासांतच कामकरी माश्यांना ती नसल्याचं कळतं आणि त्या कोवळ्या अळ्या निवडून त्यांच्याभोवती अशी घरं वाढवतात. अळी तीच, एरवी जिची कामकरी झाली असती. फरक खाण्याचा. कामकरीच्या अळीचं राजान्न, म्हणजे रॉयल जेली, थोड्या दिवसांत बंद होऊन मध-पराग सुरू होतात, राणीच्या अळीला शेवटपर्यंत राजान्नच.

आणि ते येतं तरुण माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून. कामकरीचं काम वयाप्रमाणे बदलतं: आधी साफसफाई, मग अळ्यांना भरवणं, मेण काढणं, दारावर पहारा आणि शेवटी फुलांवर जाणं. स्प्रेचा मार मुख्यतः दाराशी असलेल्या जुन्या माश्यांना बसला होता. आत भरवणाऱ्या बऱ्याच वाचल्या, म्हणून ही दोन घरं उभी राहिली. त्या आजींना हे सांगताना मला भरून आलं.

नरांचीही घरं होती, टोपणाला मधोमध बारीक छिद्र असलेली. नराला नांगी नाही, तो मध आणत नाही, म्हणून लोक त्याला ऐतखाऊ म्हणतात. मला ते पटत नाही. नवी राणी उडत जाऊन नरांशी जुगली नाही, तर तिच्या अंड्यांतून फक्त नरच निघतील, आणि मग ते पोळं खरंच संपेल.

राणीघरांची पोळी आडवी होऊ न देता चौकटीला बांधली आणि पेटी कपाटाच्याच जागी ठेवली. "महिनाभर हलवू नका, काका. राणी जुगून परत येईल ती याच जागेवर."

महिन्यानं चौकट उचलली. घराच्या तळाशी एकेकच अंडं. एकाच घरात दोन-तीन असती, तर ती राणीशिवाय राहिलेल्या कामकऱ्यांनी घातलेली असती. रात्री सगळ्या परतल्यावर दार बंद केलं आणि पेटी येऊरच्या एका वाडीत नेली.