ताईंनी फक्त 'मी रोबोट नाही' एवढंच सांगितलं होतं

तुळशीची लग्नं लागली की प्रिंटिंग प्रेसवाल्यांना जेवायला फुरसत नसते, त्यामुळे रविवार कारंजावरच्या प्रेसच्या काकांचा सकाळी पावणेदहाला फोन आला तेव्हा मला वाटलं प्रिंटर अडकला असेल. मी नाशकातल्या अशा वीसेक छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, वार्षिक मेंटेनन्सवर, आणि दहातले सात फोन प्रिंटरचेच असतात. पण काका म्हणाले, "अरे आपल्या पेजवर रात्रीपासून कोण बिटकॉइन विकतंय? लोक विचारतायत पत्रिका बंद केल्या का म्हणून."

गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली ते सोडा.

या प्रेसमध्ये तीन मशीन आहेत आणि तिन्ही वेगळ्या जातीची. पुढच्या काउंटरवरचं सगळ्यात म्हातारं, त्यावर विंडोज ७ होतं आणि क्रोम १०९ वर येऊन थांबलं होतं, कारण त्याच्या पुढचं क्रोम विंडोज ७ वर चालतच नाही. म्हणून मी तिथे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली, बिलं आणि ईमेल एवढंच काम त्यावर. आत डिझाइन करणाऱ्या पोराकडे मॅक मिनी. आणि हिशेब बघणाऱ्या ताईंकडे विंडोज ११, एकदम नवीन, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हणून मीच काकांच्या मागे लागून दिवाळीआधी घ्यायला लावलं होतं. "सिक्युरिटीचा विषय आहे काका" असं मीच म्हणालो होतो, हे काकांनी त्या दिवशी मला तीनदा ऐकवलं.

पेज ताईंच्या लॉगिनवरून चालायचं, म्हणून पहिलं त्यांच्या मशीनची नेटची केबल काढली. मग बघायला बसलो. विंडोज अपडेट झालेलं, क्रोम अपडेट झालेलं, अँटीव्हायरस हिरवा. डाउनलोड्समध्ये बँक स्टेटमेंट आणि जीएसटीच्या फायली, बाकी काही नाही. ताईंना विचारलं, काही डाउनलोड केलं का, कुठली लिंक उघडली का, तर म्हणाल्या, "नाही हो सर, मी कशाला हात लावत नाही." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, हे महत्त्वाचं.

मला कमांड चालवायची होती म्हणून सवयीने विंडोज की आणि आर दाबलं. रनचा तो छोटा बॉक्स उघडला आणि त्यात आधीचीच एक ओळ बसलेली. हिशेबाच्या मशीनवर रनमध्ये कोण काय टाकणार? ओळीच्या शेवटी इंग्रजीत लिहिलेलं, मी रोबोट नाही, रीकॅप्चा व्हेरिफिकेशन आयडी आणि पुढे चार आकडे. होम दाबून ओळीच्या सुरुवातीला गेलो तर तिथे पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायचा प्रोग्राम, आणि पुढे हुकूम, खिडकी लपवून चालव, अमुक पत्त्यावरून तमुक उतरव आणि सुरू कर. ही सगळी चलाखी त्या बॉक्सच्या रुंदीवर आहे. पेस्ट केलं की कर्सर शेवटी जातो आणि बॉक्समध्ये फक्त शेपूट दिसतं, ते रोबोटवालं. डोकं डावीकडे लपलेलं.

ताईंना दाखवलं तर त्यांना लगेच आठवलं. "अहो ते डाउनलोड नव्हतं, ते तर कॅप्चा होतं!" झालं असं की आदल्या दिवशी पोरगा अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर, एका गिऱ्हाइकाला कलशाची बॉर्डर पाहिजे होती ती सुद्धा लगेच, म्हणून ताईंनी फुकट क्लिपार्टची एक साइट उघडली. तिथे 'मी रोबोट नाही' चा चौकोन आला, त्यांनी टिक केलं, मग खाली तीन पायऱ्या आल्या, विंडोज की आणि आर दाबा, कंट्रोल व्ही दाबा, एंटर दाबा. त्यांनी दाबलं. एक काळी खिडकी पापणी लवेपर्यंत आली आणि गेली. कलश काही मिळाला नाही, मग त्यांनी जुन्याच पत्रिकेतला वापरला. रोज जीएसटीच्या साइटवर, बँकेच्या साइटवर वाकडीतिकडी अक्षरं वाचून टाइप करणाऱ्या बाईला आणखी एक नखरा वाटला असेल तर मी तरी त्यांना काय बोलणार.

आता खरं दुखणं इथे आहे की ब्राउझरने त्याचं काम चोख केलं होतं. वेबपेज क्रोमच्या सँडबॉक्समध्ये कोंडलेलं असतं, त्याला स्वतःहून तुमच्या मशीनवर प्रोग्राम सुरू करता येत नाही. फाइल उतरवली असती तर विंडोजने तिच्यावर 'इंटरनेटवरून आलेली' असा शिक्का मारला असता आणि उघडताना हटकलं असतं. मॅकवर पण तसंच, तिथे गेटकीपर नावाचा मॅकचा पहारेकरी आडवा येतो. पण क्लिक केल्यावर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे पेस्ट होईपर्यंत थांबतं तिथे, मजकूर ठेवायची परवानगी क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळेच देतात, नाहीतर साइटवरची 'कॉपी करा' ची बटणं चालणारच नाहीत. एवढीच फट धरून चोराने कमांड ठेवली आणि पुढची उचलाउचल ताईंकडून करून घेतली. दाराला चांगलं कुलूप होतं, घरातल्या माणसाने आतून कडी काढली.

पासवर्ड सगळे क्रोममध्ये सेव्ह. विंडोजवर ते एन्क्रिप्ट करून ठेवलेले असतात पण चावी त्या युजरच्या नावाची, म्हणजे ताईंच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ती मागू शकतो. २०२४ च्या जुलैत क्रोम १२७ मध्ये गूगलने यात आणखी एक कडी घातली, चोरांनी काही महिन्यांतच तिच्यावर पण उपाय काढले. आणि पासवर्डपेक्षा वाईट म्हणजे कुकीज, साइटने ब्राउझरकडे ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या. लॉगिन झालेल्या सेशनची कुकी गेली की चोराला ना पासवर्ड लागत ना ओटीपी, तो थेट ताई बनूनच आत बसतो. म्हणून आधी मिंटवाल्या म्हाताऱ्या मशीनवरून सगळीकडून साइन आउट, मग पासवर्ड बदल. बँकेला फोन करून नेटबँकिंग बंद केलं, पैसे गेले नव्हते, काकांचा जीव भांड्यात पडला. सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पेजचं असं की काकांचा पुण्यातला मुलगाही ॲडमिन होता आणि चोराने त्याला अजून काढलं नव्हतं, त्याने अर्ध्या तासात ताईंचा ॲक्सेस काढून बिटकॉइन साफ केलं. नशीबच.

दुपारी टॅलीचा बॅकअप घेत असताना काका म्हणाले, "आता ताईंना पण मॅकच घेऊ. मॅकला व्हायरस येत नाही."

हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो, म्हणून म्हटलं थांबा, दाखवतोच. माझ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, मोबाईलचं नेट घेतलं आणि ताईंच्या हिस्ट्रीतली तीच साइट उघडली. कोरं पान. कॅप्चा नाही, काही नाही. मग क्रोमियमच्या (क्रोम ज्यावर बनतो तो ब्राउझर) डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन युजर एजंट बदलला, म्हणजे ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो ती, लिनक्सच्या जागी विंडोज सांगितलं. लगेच ताईंचा तो चौकोन हजर, विंडोज की आणि आर. मग मॅक सांगितलं. तोच चौकोन, तेच रोबोट, फक्त पायऱ्या बदलल्या, कमांड आणि स्पेस दाबा, टर्मिनल लिहा, पेस्ट करा. काका चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले, म्हणाले, "हरामखोर गिऱ्हाईक बघून माल दाखवतो की रे." मी दहा मिनिटं बडबडून सांगितलं नसतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

मॅकवर पासवर्ड किंवा त्यांची चावी कीचेन नावाच्या तिजोरीत असते, ती उघडायला मॅकचा पासवर्ड लागतो, तर हे चोर खोटी खिडकी दाखवून तोच मागून घेतात. मग लिनक्स भारी का, तर तसंही नाही. लिनक्सवर कीरिंग, म्हणजे तशीच तिजोरी, चालू नसेल तर क्रोमियम सेव्ह केलेले पासवर्ड ज्या चावीने झाकतो ती सगळ्या जगाला माहीत आहे, कोडमध्येच लिहिलेली आहे, 'पीनट्स'. शेंगदाणे! लिनक्सला कोरं पान मिळालं कारण त्याची गिऱ्हाइकं इतकी कमी की त्यांच्यासाठी वेगळ्या पायऱ्या लिहायचा चोरालाच कंटाळा.

तेवढ्यात आतून डिझाइनवाला पोरगा डोकावला, माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे हे मला पण आलेलं, याच साइटवर, मागच्या आठवड्यात." माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं मग काय केलंस? "काय नाय, लय पायऱ्या होत्या. कोण वाचतंय. बंद केलं आणि दुसरीकडून बॉर्डर घेतली." तरी त्याचा मॅक मी तासभर तपासला, टर्मिनलची हिस्ट्री रिकामी, खरंच आळसाने वाचला होता.

ताईंचं मशीन फॉरमॅट करून टॅली परत चढवायला रात्रीचे साडेनऊ झाले. क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह होणं बंद केलं, ताईंचं लॉगिन ॲडमिनचं होतं ते साधं केलं (ही चूक माझी, दिवाळीच्या गडबडीत तसंच राहिलं होतं), आणि रनचा बॉक्सच बंद करून टाकला. ताई दिवसभर कोपऱ्यात हाताने बिलं लिहीत होत्या, कुणाशी फार बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "सर, खरा कॅप्चा आला तर?" मी म्हटलं खरा कॅप्चा फार तर सिग्नल आणि बस ओळखायला लावेल, ब्राउझरच्या बाहेर जाऊन कीबोर्डवर काही दाबायला कधीच सांगणार नाही.

चार दिवसांनी काउंटरचा प्रिंटर अडकला म्हणून गेलो (खरंच प्रिंटर होता), तर ताईंच्या कीबोर्डवर स्पेसच्या डावीकडे भोक. काकांनी पकडीने विंडोजची की उपटून काढली होती आणि गल्ल्यात नाण्यांच्या वाटीत ठेवली होती. रन मी आधीच बंद केलंय म्हटलं, तर म्हणाले असू दे, डबल सिक्युरिटी. आता फाइल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये पेस्ट करायला लावणारा प्रकार पण निघालाय, पण ते मी काकांना बोललो नाही, पकड टेबलावरच होती आणि व्ही ची की ताईंना टॅलीत रोज लागते.