चहावर साय धरायच्या आत

प्रार्थना किती लांब असावी याचा नियम कुठे लिहिलेला नाही. असता तर माझा बराच त्रास वाचला असता. शेवटी मी माझ्यापुरता एक करून टाकला: समोर ठेवलेल्या चहावर साय धरायच्या आत ‘आमेन’ झालं पाहिजे. कोल्हापुरात हा नियम पाळणं अवघड आहे. इथे चहा म्हशीच्या दुधाचा, त्यात पाणी नावापुरतं. कप टेकवला की साय धरायला लागते. आमच्या ह्यांना नियमच मान्य नाही. “डोळे मिटलेले असतात, मला साय कशी दिसणार?” हा त्यांचा बचाव. माझा एक डोळा उघडा असतो. सगळी उमर नर्सिंगमध्ये घालवलेल्या बाईचे दोन्ही डोळे एका वेळी मिटत नाहीत, झोपेतसुद्धा.

आम्ही दोघं मिशनरी आहोत. असं म्हटलं की समोरचा माणूस आधी आमच्याकडे बघतो आणि मग आमच्या मागे, कुणी गोरा साहेब येतोय का म्हणून. तसं काही नाही. हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, मी हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून. मुलगा पुण्याला. एका रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, विचारलं, घरभेटी आणि दवाखानाभेटी तुम्ही दोघं बघाल का? हे “विचार करून सांगतो” म्हणायच्या आत मी हो म्हणून टाकलं. निवृत्तीनंतर हे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून माझ्या फोडणीचं वेळापत्रक लावायला लागले होते, त्यापेक्षा प्रभूचं काम केलेलं बरं. पंच कमिटीने ठराव केला, नोटीस बोर्डावर ‘मिशनरी दांपत्य’ असा कागद लागला. मानधन नाही. पेट्रोल आपलं.

काम म्हणजे काय, तर बसणं. मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, म्हातारी माणसं, ज्यांची पोरं पुण्या-बेंगळुरूला आहेत. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, ॲडमिट झालेलं कुणी. बाळंतीण. मयताच्या घरी आठवडाभराने जाणं, कारण पहिल्या तीन दिवसांत गर्दी असते आणि नंतर कुणी फिरकत नाही. पाळकसाहेबांची सुट्टी सोमवारी, आणि माझा अनुभव असा की माणसं आजारी पडायला नेमका सोमवार शोधतात. ह्यांच्या डायरीत सगळं लिहिलेलं असतं, वेळेसकट. चार दहाला निघायचं म्हणजे चार दहाला. मी साडी सावरत असते तोवर खाली स्कूटरचा हॉर्न वाजतो.

खरं सांगायचं तर आमचा संसार शिफ्टमध्ये झाला. माझी नाइट संपायची तेव्हा ह्यांची पहिली ड्युटी लागायची. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे, पोराचा डबा ओट्यावर, निरोप कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. एकमेकांना सणासुदीला पाहिलं, आजारपणात पाहिलं, भांडताना तर पाहिलंच. पण कामावर कधी पाहिलं नव्हतं. हे मध्यवर्ती स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये माइकसमोर बसतात एवढं ठाऊक होतं. तो आवाज आता मी रोज ऐकते. ह्यांची प्रार्थना म्हणजे सगळे थांबे घेणारी साधी गाडी. सुटते यजमानांच्या घरातून, मग आजाऱ्याचा बीपी आणि शुगर, मग पुण्यातला मुलगा, व्हाया सातारा, कारण तिथे सून माहेरी गेलेली असते. मग नातवंडांच्या परीक्षा, शेतकरी, पाऊसपाणी, राज्यकर्ते, सीमेवरचे जवान. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच थांबे. शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा तेवढ्यापुरता बारीक होतो, इतका खणखणीत आवाज.

मी प्रार्थना केली तर ती चार वाक्यांत संपते. वॉर्डात वीस पेशंट असताना लांबड लावून चालत नसे.

नागाळा पार्काच्या बाजूला एक आजी आहेत. एकट्या राहतात, ऐकू कमी येतं, बोलणं मात्र भरपूर. आम्ही सलाम केला की त्या दोघांचेही हात धरून ठेवतात. मग चहा, चिवडा, शंकरपाळी. “शुगर आहे हो आजी,” म्हटलं तर, “असू दे की, येवड्यानं काय हुतंय? खावा!” अशा घरी मिशनरीने काय बोलावं ते बायबलमध्ये नसतं. गुपचूप खावं.

मधे एकदा गेलो तर आजींचे पाय सुजलेले. घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडत होता. “वयच झालं,” त्या म्हणाल्या. हे प्रार्थनेला उभे राहिले, आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. गाडी सुटली. मी खिडकीतला गोळ्यांचा डबा जवळ ओढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत रबर लावलेल्या स्ट्रिपा. एक पाकीट गल्लीतल्या डॉक्टरांचं, एक त्यांच्या मुलाने पुण्याला नेलं होतं तिथलं. नावं वेगळी, रंग वेगळे. चष्मा लावून नावाखालचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हीवर तेच, ॲम्लोडिपिन. बीपीची तीच गोळी आजी दोन नावांनी रोज दोनदा घेत होत्या. या गोळीने पाय सुजतात हे माहीत असायला डॉक्टर व्हावं लागत नाही, आणि डोस जास्त झाला की सूजही जास्त. तोवर हे राज्यकर्त्यांपर्यंत पोचले होते. मी दोन्ही स्ट्रिपांचे फोटो काढले, डबा होता तसा ठेवला आणि आमेनला सुरात सूर मिळवला. त्याच संध्याकाळी आजींच्या मुलाला फोन केला, फोटो पाठवले. त्याने डॉक्टरांशी बोलून एक गोळी बंद करून घेतली.

पुढे काही दिवसांनी आजी रिक्षा करून चर्चला आल्या. साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाल्या, “ह्या भाऊंनी प्रार्थना केली, आन् माजी पायाची सूज उतरली.” पुरुषांच्या बाकांवरून ‘हालेलुया’ झालं. हे मान खाली घालून अतिशय नम्रपणे बसले होते. मी काही बोलले नाही. ॲम्लोडिपिनचा विषय उपासनेत काढत नाहीत.

घरी आल्यावर मात्र काढला. तर हे शांतपणे म्हणाले, “मी आवरतं घेतलं असतं, तर तुला डबा बघायला वेळ मिळाला असता का?” यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. कुणाच्या घरात जाऊन डबे उघडायला लागलं तर माणसं दुखावतात. डोळे मिटलेले असतील तर मात्र एका परिचारिकेला बरंच काही बघता येतं: बाथरूमच्या दाराशी ओलं आहे का, इन्सुलिन फ्रिजच्या आत ठेवतात की फ्रिजच्या दारात, सून दमलेली दिसते का. सायीचा नियम मी मागे घेतलेला नाही. पण अंमलबजावणी जरा सैल केली आहे.

ह्यांचं काम मला खरं दिसलं ते पावसाळ्यात. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेलं हे गाव. जुलै लागला की सगळे पंचगंगेच्या पातळीवर बोलतात. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. पाणी छत्तीस-सदतीसला आलं की हे डायरी उघडून नदीकडच्या बाजूच्या म्हाताऱ्यांना फोन लावायला बसतात. कोण कुणाकडे जाणार, कुणाची औषधं संपत आलीत, कुठला रस्ता बंद पडला, कुठला अजून चालू आहे. आवाज चढत नाही, शब्द वाया जात नाही. “वहिनी, बॅग भरा. पाच वाजता पोरगं येईल. नाही आलं तर सव्वापाचला मी येतो.” फोन ठेवून पुढचं नाव. मी दारात उभी राहून ऐकत होते. इतकी वर्षं शेजारी झोपलेला माणूस, आणि त्याचं काम मी पहिल्यांदा पाहत होते. यात कुठे प्रार्थना नव्हती म्हणावं तर तसंही नाही.

आमच्या गावात हे काम मुळात जोडप्यानेच सुरू केलं. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले, ते पत्नी एलायझाबाईंसह. आधी काही वर्षं दोघं अहमदनगरला होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला. पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली, तिच्या प्रवर्तकांपैकी तो एक. रॉयल 1887 मध्ये वारले. त्यानंतर एलायझाबाई अमेरिकेत नातवंडं सांभाळत बसल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्या उतारवयात मुलगी ग्रेसबरोबर पुन्हा याच मुलखात कामाला आल्या. इथल्या चर्चला ‘वाइल्डर मेमोरियल’ असं नाव आहे. इतिहास सांगताना लोक साहेबांचाच सांगतात. पण पाटीवर आडनाव एकटंच आहे, तेव्हा ते दोघांचं समजायला कुणाची हरकत नसावी. माझी तर मुळीच नाही. मी मिरजेला नर्सिंग शिकले, तिथे 1894 पासूनच्या डॉ. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या गोष्टी ऐकत; त्याही साहेबांच्याच. साहेबांचा डबा कोण भरत होतं, रात्री कंदील कोण धरत होतं, हे विचारायची रीत नाही.

अमेरिकेतला मॉर्मन पंथ वेगळा, त्यांची शिकवण आमच्याहून वेगळी. पण निवृत्त जोडप्यांना मिशनवर पाठवण्याची त्यांची पद्धत रीतसर आहे, हे आमच्या मुलाने फोनवर सांगितलं. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत, स्वखर्चाने, कधी परदेशातसुद्धा. तरुण पोरं दारोदार फिरतात. या म्हाताऱ्यांकडे ऑफिसचं काम, मदतकार्य, घरभेटी. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. “तेवीस महिने, मग परत आपल्या घरी? म्हणजे डेप्युटेशन,” म्हणाले. आमची बदली नाही आणि मुदतही नाही. सकाळी जिच्या घरी प्रार्थना केली ती संध्याकाळी लक्ष्मीपुरीत भाजी घेताना भेटते आणि विचारते, “वहिनी, वांगी केवढ्याला घेतली?” ओळखीच्या माणसांत मिशनरी असणं जास्त अवघड, असं माझं मत आहे. परक्या गावात माणसाचा राग, कंजूषपणा, नवऱ्याशी झालेलं भांडण कुणाला ठाऊक नसतं. इथे सगळ्यांना सगळं ठाऊक.

गल्लीतले लोक विचारतात, धर्मांतर वगैरे करता की काय? गमतीने विचारतात, कधी अगदी गमतीने नाही. हे सांगतात, “आमचीच माणसं भेटून होत नाहीत हो.” परवा समोरच्या मावशींनी वाटेत अडवलं. त्या अंबाबाईच्या दर शुक्रवारच्या. म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांच्या पायाला जखम झालीय, भरेना. तेवढी बघून जाता?” गेले, बघितली, शुगर तपासून घ्या म्हटलं, ड्रेसिंग करून दिलं. निघताना सासरे ह्यांना म्हणाले, “तुमी काय ते म्हंतासा न्हवं, ते म्हना की.” हे माझ्याकडे बघायला लागले. चहा अजून यायचा होता. म्हणाले, अगदी थोडक्यात, विनाथांबा.

आता पाळकसाहेबांनी कोडोलीकडच्या गुरुवारच्या भेटी आमच्यावर टाकल्या आहेत. तिथे मिशनच्या काळापासून दवाखाना आहे, जुनी ख्रिस्ती वस्ती आहे आणि माझ्या ट्रेनिंगच्या दोन मैत्रिणी आहेत. स्कूटर एवढ्या लांब नको, असं मी म्हटलं. ह्यांना तेवढंच हवं होतं. बायकांना एसटीत 2023 पासून निम्मं भाडं, आणि पासष्टी ओलांडल्यामुळे ह्यांनाही निम्मं. दोघं मिळून एका तिकिटात जाऊन येतो. स्टँडवर हे फलाटावर उभे राहून गाडी किती मिनिटं लेट आहे ते घड्याळात बघतात आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढतात. बसायला मिळालं की खिडकी मला देतात. पाहुणचार म्हणून नाही, त्यांना दारातून चढणारे मोजायचे असतात.

परवा कंडक्टर ओळखीचा निघाला. मशीन हातात तसंच धरून म्हणाला, “काय साहेब, रिटायर झालाय न्हवं? आज कुटं ड्यूटी?”

“कोडोली,” हे म्हणाले. “दोन हाफ दे.”