अंगठा

६ ऑक्टोबर २०२०, मंगळवार

सातच्या सुमारास एका पोराच्या घरून फोन आला. "बाई, ह्याचा चुलता म्हणतोय गणितं चुकल्यात. हा ऐकंना. बाईंनी अंगठा दिलाय म्हणतोय."

त्याच्या वहीचा कालचा फोटो उघडला. ४०३ वजा १७८, उत्तर ३७५. खाली ६०२ वजा २४७, उत्तर ४४५. जिथं जात नाही तिथं पोरानं उलटी वजाबाकी केलेली. पाचही गणितं तशीच. आणि त्याखाली माझा अंगठा, 'छान'. रात्री १० वाजून ५२ मिनिटं.

तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही.

कोरोनामुळं शाळा बंद. दिवसभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ह्या कोरोनाच्या सर्वेक्षणात वस्तीवस्तीवर फिरायचं, ऑक्सिमीटर लावायचा, नोंदी करायच्या. घरी यावं तर फोटो यायला लागतात, कारण माणसं रानातून परतल्याशिवाय घरात फोनच नसतो. सव्वीस पोरं, अकरा फोन. सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका ज्यांच्या घरी दिसायची त्यांनाच दिसायची. डोळे मिटत असताना मी किती वह्या वाचायच्या? माणूसच आहे ना मी? लेकही काहीतरी विचारायला दोनदा येऊन गेली. ते राहिलंच.

पण मी दमले होते हे त्या पोराला कुठं माहीत? तो माझ्या भरवशावर चुलत्याशी भांडला. बाईंनी अंगठा दिला म्हणजे बरोबरच. हे आठवलं की पोटात तुटतं. वर्गात असता तर शून्यापाशी त्याची पेन्सिल अडली असती, त्यानं शेजारच्या पाटीत डोकावलं असतं, आणि मला तिथंच कळलं असतं. फोटोत अडलेलं दिसत नाही, फक्त उत्तर दिसतं. आणि मी तर तेही पाहिलं नाही.

आठला परत फोन लावला. "बाळा, चुलता बरोबर आहे. चूक माझी झाली." तो गप्पच. मग म्हटलं, "तुझ्याकडं शंभराच्या चार नोटा आणि तीन रुपये सुट्टे. दुकानदाराला १७८ द्यायचेत. कसं देशील?"

"शंभराची मोडायला लागंल."

"मोड."

"धाच्या धा झाल्या. त्यातली एक मोडली. आता सुट्टे तेरा." मग बराच वेळ काही नाही, नुसता श्वास. "बाई, दोनशे पंचवीस उरत्यात."

"मग वहीत का नाही मोडलीस?"

"तिथं शून्य हुतं. मला वाटलं शून्याला हात लावायचा नसतो."

वजाबाकीच्या व्हिडिओत मी शून्याचं एकही उदाहरण घेतलं नव्हतं. जूनपासून चाललंय हे. शाळा कधी उघडेल कोण जाणे; तोवर फोटोच येणार, आणि रात्रीच येणार. येऊ देत.

साडेअकरा झालेत. कालचे सगळे फोटो पुन्हा काढून बसलेय. तिसऱ्या वहीतही ३७५ आहे.