‘पूजेचे असेल’ म्हणण्यापूर्वी

माळ्यावरून निघालेल्या आणि घरात कोणालाच न ओळखता आलेल्या पितळी वस्तूचे पुढे काय होते, हे इंदूरच्या मराठी घरांत वावरून मला पुरते ठाऊक झाले आहे. घरातले कोणी वडीलधारे ती उलटसुलट करून पाहतात, ‘पूजेचे काहीतरी असेल’ असा निर्वाळा देतात, आणि ती वस्तू चिंचेने लख्ख घासली जाऊन देव्हाऱ्याच्या बाजूला किंवा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कायमची स्थानापन्न होते. रामबागेतल्या एका घरात टाचा घासण्याची वज्री अशाच रीतीने बाळकृष्णाच्या शेजारी बसलेली मी पाहिली आहे. तिच्यावर मोरांची जोडी होती आणि ती हलवली की पोकळ अंगातले खडे छुमछुम वाजत, त्यामुळे ती देवाची वाटणे अगदीच अकारण नव्हते. घरातल्या आजींना मी हळूच खरा प्रकार सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “असू दे हो, आता इतकी वर्षे त्याच्यापाशी आहे, तर देवाच्याच टाचा घासील.”

वज्रीचे उदाहरण मुद्दाम आधी घेतले, कारण वस्तू ओळखताना माणसे कोठे फसतात ते तिच्यात स्वच्छ दिसते. सगळ्यांचे लक्ष मोराकडे जाते. मोर, हत्ती, पोपट हे कारागिराच्या आवडीचे भाग असून कामाचा भाग खाली, तळाशी असतो. तेथे एकमेकींना छेदणाऱ्या उठावदार रेघांची जाळी असते आणि ती पाहून काही जण कापडावर छपाई करण्याचा ठसा असावा असा तर्क करतात. तो तर्क ‘पूजेचे असेल’ यापेक्षा पुष्कळ बरा आहे, कारण निदान त्याने वस्तूचा तळ पाहिलेला असतो. परंतु ठशाच्या खाचांत रंग अडकून राहतो, त्याच्या रेघांच्या कडा जपलेल्या असतात आणि छपाईच्या ठशात खडे वाजवण्याचे काही प्रयोजन नसते. वज्रीच्या रेघा मात्र बोथट झालेल्या असतात, आणि त्याही सर्वत्र सारख्या नव्हे, तर ज्या बाजूने हात जोर देत असे त्या बाजूला अधिक.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तूचा आकार पाहण्याआधी तिची झीज पाहावी. आकार कारागीर देतो. झीज मात्र वापरणाऱ्या हाताची असते आणि त्या हाताला खोटे बोलण्याचे कारण नसते.

भोक असलेल्या भांड्यांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे भांडे दिसले की अभिषेकपात्र, हे उत्तर लगेच येते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अभिषेकपात्राला टांगण्यासाठी कड्या असतात किंवा ते तिवईवर बसेल असे असते. पण पातळ पत्र्याची, अर्धगोलाकार, कड्या नसलेली वाटी असेल आणि तिच्या तळाचे छिद्र सुईच्या अग्राएवढेच असेल, तर पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येण्यासाठी ते छिद्र पाडले आहे का, असा उलटा प्रश्न विचारावा लागतो. पाण्याने भरलेल्या घंगाळात अशी वाटी अलगद सोडली की ती तरंगते, छिद्रातून थोडे थोडे पाणी आत घेत राहते आणि शेवटी बुडते. बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटिका, अर्थात 24 मिनिटे. अशा 60 घटिकांचा एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हे घटिकापात्र मांडले जाई. या वस्तूची परीक्षा स्वयंपाकघरात उभे राहून घेता येते, हे तिचे वैशिष्ट्य होय. फक्त पाण्यातल्या क्षारांनी छिद्र अंशतः बुजले असेल तर वाटी सावकाश बुडते आणि छिद्र कोणी हौसेने टोकरून मोठे केले असेल तर लवकर, एवढे ध्यानात ठेवावे.

‘पूजेचे असेल’ हा आळस केवळ आपल्या घरांपुरता आहे असे मात्र नाही. युरोपात रोमन साम्राज्याच्या वायव्येकडील प्रांतांतून, म्हणजे आजच्या फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन वगैरे भागांतून, तांब्याच्या मिश्रधातूचे बारा पंचकोनी बाजूंचे पोकळ घन शंभराहून अधिक सापडले आहेत. प्रत्येक बाजूला एक गोल छिद्र, छिद्रांचे आकार वेगवेगळे, आणि वीसही कोपऱ्यांवर एकेक गोळी. इंग्लंडमध्ये 1739 साली त्यांतल्या एकाची प्रथम नोंद झाली. त्या काळच्या कोणत्याही उपलब्ध लेखनात त्यांचा उल्लेख नाही. मेणबत्ती लावण्याची बैठक, अंतर मोजण्याचे साधन, हातमोजे विणण्याचा साचा, असे तर्क झाले आणि कशानेच समाधान होईना तेव्हा धार्मिक उपयोगाकडे बोट दाखवले गेले. मला या वादात सर्वांत बोलका वाटतो तो अभाव. हे घन मोजमापाचे असते तर त्यांच्यावर अंक किंवा खुणा असत्या आणि त्यांची मापे एकमेकांशी जुळली असती. रोजच्या कामाचे असते तर ठरावीक जागी झीज दिसली असती. येथे धर्माचा तर्क निदान इतर तर्क तपासून झाल्यावर आलेला आहे. आपल्याकडे तो पहिल्याच वाक्यात येतो.

इंदूरपुरते बोलायचे तर आपल्या अटाल्याच्या, म्हणजे भंगाराच्या, दुकानांत कोड्यात टाकणाऱ्या वस्तू घरांपेक्षा गिरण्यांतूनच अधिक आल्या आहेत. होळकर संस्थानाच्या काळापासून हे कापड गिरण्यांचे शहर. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी, हुकुमचंद ही नावे आता रस्त्यांच्या आणि चौकांच्या पत्त्यांत उरली आहेत. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली. त्या सगळ्या खात्यांतले लाकूड, लोखंड आणि पितळ कामगारांच्या घरांतून आणि भंगारातून शहरभर पसरले, आणि पुढच्या पिढीला ते काय आहे हे सांगणारी माणसे हळूहळू कमी झाली.

दोन्ही टोकांना पोलादी टोपणे बसवलेला, होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात हल्ली पेन ठेवतात, काही ठिकाणी उदबत्त्याही ठेवतात. हा धोटा. त्याच्या पोकळीत आडव्या सुताची कांडी बसते आणि तो मागाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकला जातो. आपटून टोके फुटू नयेत म्हणून पोलाद. हातात घेतल्यास त्याची एक कड आणि तळ आरशासारखे गुळगुळीत लागतात, कारण त्याच दोन अंगांनी तो फणीला आणि मागाच्या पट्टीला घासत धावे. बाजूला चिनीमातीचा डोळा बसवलेले एक बारीक छिद्र असते. जुन्या पद्धतीच्या धोट्यात कांडी बदलली की सुताचे टोक या डोळ्यातून बाहेर काढण्यासाठी विणकर तेथे तोंड लावून श्वास आत ओढत असे. परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या, माग चालवून निवृत्त झालेल्या एका काकांना मी याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हो तर, तोंडानेच. सुताबरोबर पेळूची धूळ पण पोटात.” एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत असल्यामुळे आजार पसरतात, म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली या प्रकाराला कायद्याने बंदी घातली होती. दिवाणखान्यातल्या पेनदाणीत एवढे सगळे असते.

त्याच गिरण्यांतले दुसरे कोडे म्हणजे तीन पाकळ्यांत दुमडणारे छोटेसे पितळी भिंग. सोनाराचे, घड्याळजीचे किंवा तिकिटे जमवणाऱ्याचे, अशी उत्तरे त्याला मिळतात. उत्तर भिंगात सापडत नाही. ते खालच्या पाकळीतल्या चौकोनी खिडकीत आहे. ती मोजून पाहावी. बहुधा ती बरोबर एक इंच भरते. उघडल्यावर भिंग खिडकीपासून अशा उंचीवर येते की कापडावर ठेवताच विणीतला प्रत्येक धागा स्पष्ट दिसावा. सोनाराला दागिन्याभोवती इंचाची चौकट काय कामाची? एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, हे मोजून कापडाचा पोत ठरवणाऱ्या माणसाची ती वस्तू आहे. कोणत्याही अनोळखी वस्तूतले एखादे माप जर असे नेमके पूर्ण अंकात आले, तर ते योगायोगाने आलेले नसते. भोक पाडलेले, क्रमांक कोरलेले पितळी बिल्लेही याच दुकानांत मिळतात आणि ते नाणी म्हणून विकले जातात. राजाचे नाव नाही, मूल्य नाही, नुसता क्रमांक आहे, म्हणजे ते कामगाराच्या ओळखीचे. हे सांगायला नाणेशास्त्र लागत नाही.

गोटी सोड्याची बाटली उघडण्याचे लाकडी टोपण, ज्याच्या आत बोटाच्या पेराएवढी खुंटी असते, त्याविषयी फार लिहीत नाही. ज्यांनी ती बाटली पाहिली आहे त्यांना ते क्षणात कळते. ब्रिटनच्या हायरम कॉड यांची 1870च्या दशकातली ही रचना, वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि खुंटीने ती आत ढकलावी लागते.

शेवटी एका डबीविषयी. मुठीत मावेल एवढी, झाकणाला बारीक छिद्रे. भस्माची, पिठीसाखरेची, दंतमंजनाची, असे तिचे अनेक अर्थ त्या घरात लावून झाले होते. झाकणाच्या सांध्यात नखाने कोरल्यावर काळसर, चमकदार वाळूचे कण निघाले आणि प्रश्न मिटला. बोरूने मोडी लिहिणारे कारकून ओली शाई सुकवण्यासाठी कागदावर बारीक वाळू भुरभुरत असत. जुन्या दप्तरांचे रुमाल सोडले की कागदांच्या घड्यांतून ती अजूनही सांडते. त्या घराण्यात होळकरांच्या दप्तरात नोकरी केलेले पूर्वज होते, ही माहिती मला नंतर मिळाली.

तेव्हा मला ओळखण्यासाठी वस्तू पाठवणाऱ्यांना विनंती अशी की ती पितांबरीने घासू नये, धुऊ नये, तेलही लावू नये. छायाचित्र वरच्या नक्षीचे एक आणि तळाचे किमान दोन असावेत, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, आणि ती वस्तू घरात कोणत्या खोलीत, कोणत्या सामानाबरोबर सापडली ते दोन ओळींत लिहावे.