आजचा रविवार दोऱ्यात गेला

सकाळी दहाला शेजारचे काका आले, ते थेट संध्याकाळी सातला उठले. चहा चारदा, भडंग दोनदा. काम काय झालं? आमच्या गुराबेच्या, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीच्या, एका डोलकाठीचे दोर. बस्स!

आंग्र्यांच्या आरमारात असायची तशी गुराब आम्ही दोघं 1:50 मापात करतोय. म्हणजे खऱ्याचा एक मीटर आमच्याकडे दोन सेंटिमीटर. शिवणाचा दोरा तसाच लावला तर त्याची लव या मापात सुंभासारखी दिसते, म्हणून काका तो आधी मेणावरून ओढून घेतात. मी घाईत एका बाजूचे दोर जास्त ताणले आणि डोलकाठीच कलली. सगळं सोडून पुन्हा! काका काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं. ते जास्त लागतं.

नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, मात्र झकास जमलीय. पुढे लांब, निमुळती, आणि तिच्यावरून सरळ पुढे रोखलेल्या दोन तोफा. पाठलागाला हेच तर हवं.

बायको म्हणाली, "सांगलीत समुद्र कुठाय?"

म्हटलं, 2019 ला कृष्णा आपल्या जिन्यापर्यंत आली होती, विसरलीस? म्हणून तर जहाज माळ्यावर ठेवतो.