ओ, यू, जी, एच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असूनही मनात सर्वप्रथम उभे राहिले ते आमचे इंग्रजीचे सर आणि त्यांनी फळ्यावर लिहिलेली ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे. स्नेहसंमेलने, सहली आणि क्रीडांगण यांविषयी माझे वर्गबंधू लिहितीलच. सरांचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांना ‘इंग्रजीचे सर’ एवढे पुरेसे आहे, आणि आपले नाव छापून आलेले सरांना कधी रुचलेही नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, त्यामुळे आठवीपर्यंत आमचा भर पाठांतरावरच असे. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला आमचा एक मित्र धडा वाचत होता. ‘दो’ हा शब्द त्याने बरोबर वाचला, पण पुढे ‘रफ’ आला आणि तो त्याने तितक्याच थाटात ‘रो’ असा वाचला. वर्ग हसला. मित्र मात्र खाली न बसता म्हणाला, “सर, आधीच्या शब्दाला जो नियम, तोच मी याला लावला. मग माझे चुकले कुठे?” इतर कोणी असते तर उद्धटपणाबद्दल त्याला बाहेर उभे केले असते. सर म्हणाले, “नियम लावलास हे योग्यच केलेस. इथे नियमच नाही, याला तू काय करणार?”

मग त्यांनी संपूर्ण फळा पुसला, गुलाबी खडूने ती चार अक्षरे एकाखाली एक सात वेळा लिहिली आणि पांढऱ्या खडूने मागेपुढे एकेक अक्षर भरत शब्द पूर्ण केले. दो, थ्रू, टफ, कॉफ, बाउ, थॉट, थरा. गुलाबी अक्षरे सातही ओळींत तीच होती आणि उच्चार मात्र सातही ठिकाणी निराळा. तास संपल्याची घंटा झाल्यावर त्यांनी आठवा शब्द लिहिला, उचकीसाठीचा ‘हिकप’, जो जुन्या वळणाने याच चार अक्षरांनी संपवतात. शेजारच्याच घराण्यातली आणखी एक गंमत त्यांनी जाता जाता सांगितली, की ‘लाफ्टर’ म्हणजे हसणे, पण त्याच्या आधी एक एस लावला की होते ‘स्लॉटर’, म्हणजे कत्तल, आणि मधला ‘फ’ही नाहीसा होतो.

पाठ करा म्हणून त्यांनी विषय तेथेच संपवला असता, तरी कोणी तक्रार केली नसती. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी धडा बाजूला ठेवून या अक्षरांचा इतिहास सांगितला. जुन्या इंग्रजीत घशातून घासून निघणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा एक ध्वनी होता. रात्रीसाठीच्या ‘नाइट’ या शब्दातही तो होता, आणि जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्त’ म्हणतो. तो ध्वनी पूर्वी नुसत्या एचने दाखवत. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांचे राज्य आले आणि त्यांच्या वळणाने लिहिणाऱ्या लेखनिकांनी हळूहळू तेथे जी-एच रूढ केले. पुढे बोलण्यातून तो ध्वनी गेला. काही शब्दांत तो नुसताच लोपला, काहींत त्याचा ‘फ’ झाला, आणि आधीचे स्वरही प्रत्येक शब्दात आपापल्या वाटेने बदलले. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्यानंतर छापील लेखन जुन्या उच्चाराप्रमाणे स्थिरावत गेले आणि लोकांची जीभ पुढे चालत राहिली. ‘डॉटर’मधला मुका जी-एच जर्मन ‘टोख्टर’मध्ये अजून बोलतो आणि संस्कृत ‘दुहितृ’मध्ये त्याच्याच जागी ‘ह’ आहे, असे सरांनी सांगितले, तेव्हा परकी वाटणारी ती भाषा आम्हाला एकदम नात्यातली वाटू लागली.

इंग्रजीला हसून मोकळे होण्याची मुभा त्यांनी आम्हाला दिली नाही, हे मला आज अधिक महत्त्वाचे वाटते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ एकच आहे का, आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ व थोडेसे या अर्थाचे ‘जरा’ आपण सारखेच उच्चारतो का, असे विचारून त्यांनी मराठीच्या अभिमानाने फुगलेल्या वर्गाला गप्प केले. अमेरिकेत शब्दकोशकार नोआ वेब्स्टरने ‘टफ’ शब्दातून ही अक्षरे काढून टाकावीत असे 1789 मध्ये सुचवले होते. ते कोणी मानले नाही, पण नांगराचा ‘प्लाउ’ मात्र अमेरिकेत खरोखरच आखूड झाला, हेही त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकले.

आज मी पुण्यात दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या गटाचे काम पाहतो. संगणकाला उच्चाराचे नियम शिकवावे लागतात आणि नियमात न बसणाऱ्या शब्दांची वेगळी यादी द्यावी लागते; ती यादी करायला बसलो, तेव्हा सरांचा फळा मला जसाच्या तसा उपयोगी पडला. कामानिमित्त इंग्लंडला गेलो असताना ‘लफबरा’ हे गाव लागले. त्याच्या नावात ही चार अक्षरे दोनदा येतात, आणि एकाच नावात दोन उच्चार करतात. मी सरांना तसे कळवले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले, सुवाच्य अक्षरात, अभिनंदनाचा एकही शब्द नसलेले. “आयर्लंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात, तिथे या अक्षरांचा मूळ ध्वनी अजून ऐकू येतो. जमल्यास जाऊन ऐक,” एवढेच त्यात होते. सर असेपर्यंत ते जमले नाही.

शाळेची नवी इमारत मागील वर्षी पाहिली. वर्गावर्गांत मोठे पडदे आहेत, बोट लावले की शब्दाचा शुद्ध उच्चार ऐकू येतो, आणि मुले तो आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने करतात. याचा आनंद आहेच. पण त्या पडद्याला उलट प्रश्न विचारायला कोणी उभे राहिलेले मला दिसले नाही. सध्याच्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की एखाद्या मुलाने “असे का?” म्हणून विचारलेच, तर अभ्यासक्रमात बसत नाही म्हणून तो तास टाळू नये. त्यासाठी लागणारे शब्दकोश आणि संदर्भग्रंथ ग्रंथालयाला देण्याची माझी तयारी मी मुख्याध्यापकांना कळवली आहे.