पोराला ॲप्रेंटिसला घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुंबईतल्या डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत आयटीआयचे निकाल लागले की जिन्यात कुणीतरी गाठतंच. "दादा, पोराला ॲप्रेंटिसला घालू का? पुढे कायम करतात ना?" मी फिटर, यंत्रांचे भाग घासून जुळवून बसवणारा. आयटीआयची दोन वर्षं झाल्यावर एका मोठ्या वर्कशॉपात वर्षभर ॲप्रेंटिस होतो, त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. म्हणून मला विचारतात.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. कायम करायला कुणी बांधील नाही. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात स्वच्छ लिहिलंय की ॲप्रेंटिस हा शिकाऊ, त्याला कामगार धरायचं नाही. आणि करारात तसं कबूल केलेलं नसेल तर मालकावर नोकरी देण्याचं बंधन नाही. हे आईबापांना आधी कुणी सांगत नाही, आणि वर्ष संपलं की घरात रडारड होते. 20 मार्च 2018 ची सकाळ आठवा. माटुंगा आणि दादरच्या मधे रुळांवर पोरं उतरली होती, रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पुरी केलेली. भरतीत त्यांच्यासाठी फक्त 20 टक्के जागा ठेवल्या होत्या. ती मर्यादा काढा, आम्हाला सगळ्यांना सरळ कामावर घ्या, अशी त्यांची मागणी. मी कुर्ल्याला लोकलमध्ये अडकलो होतो. डब्यात लोक शिव्या घालत होते. मला राग येईना. काम शिकलेले हात घेऊन घरी बसणं काय असतं ते मी दोन वर्षं भोगलंय.

तरीही माझं उत्तर आहे, घाला. का ते सांगतो.

आयटीआयमध्ये मी कानस चालवायला शिकलो, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडात फट बघायला शिकलो. पण तिथलं सरावाचं काम म्हणजे हातभर लोखंडाचा तुकडा. चुकला तर दुसरा मिळायचा. वर्कशॉपात पहिल्याच महिन्यात मिस्त्रींनी मला बेअरिंग, म्हणजे ज्यात यंत्राचा दांडा फिरतो तो भाग, खरवडून नीट बसवायला बसवलं. शाफ्टला, म्हणजे त्या दांड्याला, निळा रंग लावायचा, बेअरिंगमध्ये ठेवून फिरवायचा, जिथे निळं उमटेल तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. दोन दिवस मी तेच करत होतो. मला वाटायचं झालं. मिस्त्री नख फिरवायचे आणि मान हलवायचे. "डोळ्याने नको बघू, नखाने बघ." तिसऱ्या दिवशी दुपारी निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटले, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त डब्यातली भाकरी अर्धी करून माझ्यापुढे ठेवली. पुढे मी ज्या ज्या कारखान्यात उभा राहिलो तिथे माझं नख मला उपयोगी पडलं.

माझे वडीलही असेच शिकले होते. कोकणातून आले, गिरणीत मामाच्या साच्याशेजारी, म्हणजे मागाशेजारी, उभे राहून विणकाम शिकले, मग बदली म्हणून, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळेल या आशेने, रोज सकाळी गिरणीच्या दारात. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि काकाने पुतण्याला शेजारी उभं करायची ती जागाही गेली. आता त्याच जमिनीवरच्या टॉवरांत आमची पोरं पार्सलं पोचवायला जातात. म्हणून ॲप्रेंटिसची योजना मला एवढी महत्त्वाची वाटते. मामा नसलेल्या पोरालाही कुणाच्या तरी शेजारी उभं राहता येतं.

पैशाचं म्हणाल तर 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7,000 आणि पदवीधराला 9,000 असा स्टायपेंड, म्हणजे शिकतानाचं मानधन, ठरला. कल्याणहून पास काढून, वडापाव-चहावर दिवस काढला तरी त्यातून घर चालत नाही. वर्षभर घराने पोराला सांभाळायची तयारी ठेवावी लागते, आणि ज्या घरात ती नाही तिथलं पोर तिसऱ्या महिन्यात डिलिव्हरीच्या बाइकवर दिसतं. त्याला दोष देऊ नका. स्टायपेंड वाढायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांची झाली. तिच्याबद्दलही विचारतात लोक. कार्यालयातला अनुभव हवा असेल तर जरूर जा, पण तिला ट्रेडची, म्हणजे फिटरसारख्या एका ठरावीक कारागिरीची, ॲप्रेंटिसशिप समजू नका.

एक सांगायचंच आहे. चाळीतल्याच एका मुलाला उपनगरातल्या एका कारखान्याने फिटर म्हणून घेतलं आणि आठ महिने खोकी उचलायला लावली. स्टायपेंड वेळेवर मिळत होता, म्हणून घरच्यांनी विचारलं नाही. परीक्षेला बसला तेव्हा त्याला मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं साधं उपकरण, नीट वाचता येईना. तो माझ्यासमोर बसून रडला. अशा मालकांना मी माफ करू शकत नाही. त्यांनी पोराचं एक वर्ष खाल्लं.

तेव्हा सही करण्याआधी रविवारी करारपत्र घेऊन माझ्याकडे या. ट्रेड कोणता लिहिलाय, करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार का, ते आपण वाचू. अपघात झाला तर भरपाई मालकानेच द्यायची असते, तेही पोराला दाखवून ठेवू. आणि जमलं तर कारखान्यात एकदा बरोबर जाऊ. शिकवणार कोण, त्या माणसाला मला भेटायचंय.